अवसर

बेळगावात वाढलेल्या माणसाला लहानपणापासून एक सवय लागते. शब्द कानावर पडला की तो मराठीतला की कानडीतला, हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवायचे. ‘अवसर’ हा त्यांपैकीच एक. मराठीत अवसर म्हणजे संधी, मोकळीक. पोथीत किंवा सभेतल्या भाषणात भेटणारा शब्द. स्वयंपाकघरात तो कोणी वापरत नाही. कानडीत मात्र तो रोजचा आहे, आणि तिथे त्याचा अर्थ घाई, गडबड. ज्या प्रश्नाबद्दल मला लिहायचे आहे तो या शब्दापाशीच मला पहिल्यांदा भेटला. साल १९६९. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो.

वडिलांचे आडतीचे दुकान होते. बटाटा आणि रताळी हा मुख्य माल. शाळा सुटली की मी दुकानात जाऊन बसे. पोती मोजणे, पावत्या लावणे अशी कामे माझ्याकडे असत. त्या दिवशी खानापूरकडचा एक शेतकरी बारा पोती रताळी घेऊन आला होता. बायको इस्पितळात होती आणि संध्याकाळपर्यंत पैसे भरायचे होते. हे त्याने वडिलांना सांगितले तेव्हा मी शेजारीच बसलेलो. थोड्या वेळाने हुबळीकडचा एक खरेदीदार आला. पोत्यात हात घालून माल पाहिला, आणि जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी प्रेमाने विचारले, “अवग अवसर ऐतेन तम्मा?” त्याला गडबड आहे काय रे बाळ? मी म्हणालो, “हौद्री.” एवढ्यावर थांबलो नाही. इस्पितळाचेही सांगितले. मोठ्या माणसाने आपल्याला काही विचारावे याचेच मला अप्रूप वाटले असावे.

लिलाव उघडाच होता, नियमाप्रमाणे होता. पण त्या खरेदीदाराने क्विंटलमागे दोन रुपये कमी बोली लावली आणि तिथेच हात आखडला. तो जाणता व्यापारी, म्हणून बाकीचेही पुढे सरकले नाहीत. शेतकऱ्याने मान हलवली. माल गेला.

संध्याकाळी वडिलांनी त्याची पट्टी केली तेव्हा आडतीच्या रकान्यात काही लिहिले नाही. रात्री जेवताना मला म्हणाले, “माल विचारला असता तर सांगायचा होतास. माणूस का सांगितलास?”

एवढेच. पुन्हा कधी तो विषय त्यांनी काढला नाही.

हे सगळे आज आठवण्याचे कारण माझा भाचा. इंजिनियर झाला, बंगळूरला चार वर्षे नोकरी केली, २०२० च्या टाळेबंदीत घरी आला तो परत गेलाच नाही. निपाणीला त्याच्या घरी इंटरनेट नीट चालत नाही असे कारण सांगून आमच्या माडीवर राहायला आला. माडीवर आता तीन पडदे आहेत. सकाळी सव्वानऊ ते दुपारी साडेतीन तो तिथून हलत नाही. त्याच्या मामीने वर नेऊन दिलेला चहा बहुतेक वेळा गारच होतो. मी जन्मभर कॉलेजात वाणिज्य शिकवले, शेअरबाजारावर तासही घेतले. पण हा काय करतो ते मला पहिले सहा महिने कळले नाही. कंपनीचा ताळेबंद तो पाहत नाही. बातम्या पाहत नाही. भावाचा आलेखसुद्धा फारसा पाहत नाही. तो पाहतो आकड्यांची एक शिडी. प्रत्येक भावापाशी दोन आकडे, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि ते सतत बदलत असतात.

“मामा, बातमीनं भाव हलत नाही,” तो मला म्हणाला. “ऑर्डरीनं हलतो. मी ऑर्डरी वाचतो.”

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज असा एखादा मुलगा असेल, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. बाजारात दोन प्रकारची माणसे येतात. एक म्हणतो, मला दोनशे रुपयांनाच हवा, मिळेल तेव्हा द्या. तो रांगेत उभा राहतो. दुसरा म्हणतो, भाव काहीही असो, मला आत्ता विकायचे आहे. तो येतो आणि रांगेतल्यांना माल देऊन जातो. रांगेत आधी चांगल्या भावाचा मान आणि त्याच भावात जो आधी आला त्याचा. आता, रांग पडद्यावर दिसते; सामान्य माणसाला निदान पहिल्या पाच भावांची दिसते. कोणता सौदा घाईवाल्या खरेदीदाराने घडवला आणि कोणता घाईवाल्या विक्रेत्याने, हेही अदमासाने काढता येते. सौदा वरच्या भावाला झाला की खालच्या, यावरून. या दोहोंची वजाबाकी म्हणजे त्या क्षणी बाजारात घाई कोणाला आहे याचे माप. इंग्रजीत याला डेल्टा म्हणतात. मी भाच्याला म्हणालो, आपल्याकडे याला अवसर म्हणतात.

पण नुसत्या मापावर तो सौदा करीत नाही. खरी मेख पुढे आहे. समजा, दोनशेच्या भावाला पाच हजार शेअर्सची मागणी दिसते. तिच्यावर चाळीस हजार विकले जातात आणि तरी भाव दोनशेच्या खाली जात नाही. म्हणजे दिसते त्यापेक्षा मोठा कोणी तिथे बसून गपचूप माल उचलतो आहे. (ऑर्डरीचा थोडाच भाग दाखवून बाकीचा झाकून ठेवण्याची अधिकृत सोय आपल्या एक्स्चेंजवर आहे.) विकणारे दमले की भाचा त्या मोठ्याच्या सावलीत शिरून खरेदी करतो. उलट, वर चढताना खरेदीचा जोर वाढतो आहे पण भाव सरकत नाही असे दिसले की तो बाहेर पडतो. आणि त्याचे सर्वांत आवडते दृश्य म्हणजे अडकलेली माणसे. शिखरावर घाईने घेतलेले, भाव फिरल्यावर अडकलेले. “त्यांना कधीतरी विकायलाच पाहिजे, मामा. कुठं विकणार तेबी कळतं. नुकसान थांबवायची ऑर्डर सगळे गोल आकड्याच्या खालीच लावतात.”

हे शास्त्र काही आजचे नव्हे. शेअरच्या भावाची कागदी पट्टी छापणारे टिकर यंत्र न्यूयॉर्कला १८६७ मध्ये आले आणि तेव्हापासून ती पट्टी वाचून समोरच्याच्या मनातले ओळखणारे लोक निघाले. एडविन लफेव्हर याचे १९२३ चे पुस्तक अशाच एका पट्टी वाचणाऱ्यावर बेतलेले आहे आणि भाचा ते उशाशी ठेवून झोपतो. मुंबईत रिंगणात ओरडून सौदे होत तेव्हा जॉबर लोक कोणाचा आवाज चढला, कोण घाम पुसतो आहे, कोणत्या दलालाचा माणूस धावत आला, हे पाहत. १९९४ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय शेअरबाजारात पडद्यावर समभागांचे सौदे सुरू झाले आणि समोरचा माणूस दिसेनासा झाला. पुढच्याच वर्षी मुंबई शेअरबाजारही पडद्यावर आला. ऑर्डर कोणाची हे बाजारात कोणालाच कळत नाही. हेतूही तोच होता. नाव कळले नाही म्हणजे नडही कळणार नाही. आमच्याकडे पूर्वी आडतबाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत होती. तिच्यात शेतकऱ्याला आपल्याच मालाची बोली कळत नसे, म्हणून ती काढून उघडा लिलाव आणला. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १९३९ चा बाजार कायदा तिथलाच. जनावरांच्या बाजारात मात्र मी स्वतः रुमाल पाहिलेले आहेत. रुमाल काढला की लबाडी जाते, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. पडदा हा त्याच श्रद्धेचा पुढचा टप्पा. पण चेहरा झाकला तरी घाई झाकली जात नाही. ती आकड्यांतून बाहेर पडतेच.

तर प्रश्न असा. दुसऱ्याची घाई ओळखून आपला सौदा साधणे योग्य की अयोग्य?

हा प्रश्न मी समजत होतो त्याहून बराच जुना निघाला. सिसेरोने ख्रिस्तपूर्व ४४ मध्ये कर्तव्यावर एक ग्रंथ लिहिला, त्याच्या तिसऱ्या भागात एक धान्यव्यापारी येतो. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे. अलेक्झांड्रियाहून गहू भरून याचे जहाज पहिले पोहोचले. मागून आणखी जहाजे येत आहेत हे त्याने वाटेत पाहिले आहे, लोकांना ते ठाऊक नाही. त्याने सांगावे काय? बाबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, गरज नाही. मालातला दोष सांगणे हे कायद्याचे बंधन, बाकी न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलेच पाहिजे. माणसांच्या हिताची सेवा हा तुझा धर्म असताना त्यांच्यापासून हे झाकतोस कसे? सिसेरो शिष्याच्या बाजूने उभा राहतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने मधला मार्ग काढला: न सांगितले तर अन्याय नाही, सांगितले तर अधिक सद्गुणाचे. आणि १८१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे तेच जहाज वेगळ्या रूपात आले. न्यू ऑर्लिन्सच्या एका व्यापाऱ्याला ब्रिटनशी तह झाल्याची बातमी पहाटे कळली. नाकेबंदीमुळे पडलेल्या भावात त्याने तंबाखू घेऊन टाकली. बातमी फुटल्यावर भाव तीस ते पन्नास टक्के चढला. न्यायमूर्ती मार्शल म्हणाले, बाहेरची परिस्थिती सांगण्याचे बंधन खरेदीदारावर नाही, फसवू मात्र नये. डायोजिनीस जिंकला म्हणायचा. आजचा सगळा बाजार त्याच्याच बाजूने चालतो.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. तो खुश झाला. “म्हणजे मी कायद्यात बसतो.”

बसतोच. पण माझे समाधान झाले नाही. त्या दोन्ही उदाहरणांत लपवलेली गोष्ट जहाजांबद्दलची आहे, तहाबद्दलची आहे. ती मालाची बातमी. भाचा वाचतो ती माणसाची बातमी. कंपनी चांगली की वाईट याच्याशी तिचा काही संबंध नाही. कोण घाबरला, कोण अडकला, कोणाला आत्ताच सुटायचे आहे, एवढेच तिच्यात आहे. वडिलांनी जेवताना केलेला भेद मला पन्नास वर्षांनी असा समजू लागला.

इथे भाच्याने मला जे उत्तर दिले ते मात्र मी मान्य केले पाहिजे, कारण ते मला सुचले नसते. तो म्हणाला, “मामा, तुमच्या रताळीवाल्याला त्या दिवशी कुणीच घेणारा आला नसता तर?”

विचार केला तर यात तथ्य आहे. घाईने विकणाऱ्याला समोर घेणारा कोणीतरी लागतो. भाव पडत असताना जो रांगेत उभा राहून माल घेतो तो विकणाऱ्याचा शत्रू नव्हे. तो नसता तर बिचाऱ्याला आणखी खाली विकावे लागले असते. त्याने घेतलेला नफा ही त्याने पत्करलेल्या जोखमीची मजुरी. ग्लॉस्टन आणि मिलग्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हे गणिताने मांडले: समोरून येणारा नडलेला आहे की आपल्यापेक्षा जास्त जाणणारा, हे दुकानदाराला कळत नाही, म्हणून तो खरेदी-विक्रीच्या भावांत अंतर ठेवतो. म्हणजे ते अंतर संशयाची किंमत आहे, आणि ती नडलेला भरतो. मग घाई ओळखता येणे हे नडलेल्याच्या फायद्याचेच नव्हे काय? हा माणूस नुसता नडलेला आहे, लबाड नाही, हे ओळखणारा त्याला बरा भाव देऊ शकेल. माझ्या हुबळीच्या खरेदीदाराला शेतकऱ्याची नड कळल्यावर तो दोन रुपये जास्तही देऊ शकला असता. कळणे वेगळे आणि कळल्यावर काय करणे वेगळे.

पण मग भाच्याचा आवडता सौदा घ्या. अडकलेले लोक अमुक भावाच्या खाली विकणार हे त्याला दिसते. तो त्यांच्यासमोर उभा राहत नाही. तो त्यांच्या आधी विकतो. त्याच्या विक्रीने भाव त्या आकड्याकडे आणखी ढकलला जातो, लोक घाबरून विकतात, आणि ते विकत असताना हा खाली बसून परत घेतो. इथे त्याने घाईवाल्याला काय दिले? शेवटी थोडा माल उचलला, हे खरे; पण आधी त्याला धक्का दिला. दोन्ही वेळा पडद्यावर वाचलेले तेच आकडे, तीच विद्या. एकदा तो दाराशी उभा आहे, एकदा जिन्यावरून पुढे पळतो आहे. मला वाटते, जी काही नैतिक रेघ ओढायची ती इथे ओढावी लागेल. भाचा म्हणतो, माझ्या दोन लॉटांनी भाव हलतो काय? नाही हलत. पण असे दोन-दोन लॉटवाले किती आहेत, याचे उत्तर त्याच्यापाशीही नाही.

कायद्याने ही रेघ अर्धीमुर्धी ओढलेली आहे. दलालाने आपल्या गिऱ्हाइकाची मोठी ऑर्डर पाहून तिच्याआधी स्वतःचा सौदा करणे हा सेबीच्या २००३ च्या नियमांत गुन्हा आहे. म्हणजे मी चौदाव्या वर्षी केले त्याच जातीचे काहीतरी: विश्वासाने कळलेले बाहेर विकणे. मी ते फुकट दिले इतकेच. पण ज्याने विश्वासाने नव्हे, नुसत्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिले, त्याला कायदा अडवीत नाही. दुसरी रेघ खोट्या ऑर्डरींची. लंडनजवळ आईबापांच्या घरातल्या खोलीत बसून सौदे करणारा नविंदर सिंग सराव हा माणूस घ्या. तो शिकागोच्या बाजारात विक्रीच्या प्रचंड ऑर्डरी लावी आणि पुऱ्या व्हायच्या आत काढून घेई. वाचणाऱ्यांना वाटे, केवढा माल विकायला आला आहे! ६ मे २०१० रोजी अमेरिकेचा बाजार काही मिनिटांत सुमारे नऊ टक्के कोसळून परत वर आला, त्या दिवशीही त्याचे हे चालू होते. त्या पडझडीला तो किती जबाबदार, यावर अजून वाद आहे. २०१६ मध्ये त्याने गुन्हा कबूल केला, २०२० मध्ये शिक्षा झाली ती वर्षभर घरातच राहण्याची. गंमत अशी की याच माणसाने वेगवान संगणकवाले बाजार बिघडवतात अशा तक्रारी स्वतः केल्या होत्या, आणि कमावलेल्या पैशांतला बहुतेक भाग दुसऱ्याच लबाडांच्या योजनांत घालवला. मला या प्रकरणात गुन्ह्यापेक्षा त्यामागची समजूत महत्त्वाची वाटते. सगळे एकमेकांना वाचू लागले की कोणीतरी वाचण्यासाठीच खोटे लिहू लागणार.

आता ४ जून २०२४ चा दिवस. लोकसभेच्या निकालांचा मंगळवार. आदल्या दिवशी मतदानोत्तर चाचण्यांच्या आनंदात निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढून २३,२६३ वर बंद झाला होता. मंगळवारी सकाळपासून निकाल वेगळे येऊ लागले. मी खाली टीव्हीपुढे, भाचा माडीवर. सोमवारी घेतलेले सगळे अडकले होते. त्याच्या शिडीवर ते लख्ख दिसत होते. उसळी आली की विक्रीत गिळली जात होती. त्याने निफ्टीचे दोन लॉट विकले. दुपारी मी वर गेलो तेव्हा सगळा पडदा लाल. “कोणतरी घाबरून विकूलाय, मामा, बघा,” तो मला म्हणाला. त्याच्या आवाजात क्रूरपणा नव्हता, हे मला सांगितले पाहिजे; पावसाचा जोर पाहताना माणूस बोलतो तसा आवाज होता. बाजार त्या वेळी सोमवारच्या बंदपेक्षा आठ टक्क्यांहून खाली गेलेला. विक्रीचा आकडा दिवसातला सर्वांत मोठा, पण भाव आणखी पडेना. त्याने दोन्ही लॉट परत घेतले. सुमारे बाराशे अंक. लॉट तेव्हा पंचवीसचा. साठ हजार रुपये. भांडवलात माझे दोन लाख होते आणि नफ्यात निम्मे माझे असे आमचे ठरलेले.

संध्याकाळी माझा मित्र आला. टपाल खात्यातून निवृत्त, चाळीस वर्षांचा स्नेह. नातीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी शेअर्समध्ये ठेवलेले सहा लाख होते. दुपारी टीव्ही पाहून त्याचे हातपाय गळाले आणि सगळे विकून तो मोकळा झाला. हातात पाच लाख आणि वर थोडे आले. “काय करणार? महिन्याअखेर फी भरायची. राहिलेले तरी राहूदेत म्हटलं.” चहाचा कप हातात धरून तो हे सांगत होता आणि भाचा समोर जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. काही बोलला नाही. शुक्रवारी, ७ जूनला, निफ्टी २३,२९० वर बंद झाला. सोमवारपेक्षाही वर.

काटेकोरपणे पाहिले तर भाच्याने माझ्या मित्राचे शेअर्स घेतले नाहीत. त्याने वायद्याचे लॉट घेतले, मित्राने निरनिराळ्या कंपन्यांचे समभाग विकले. दोन्ही बाजार एकमेकांना बांधलेले असतात एवढाच संबंध. आणि भाच्याने परत घेताना तळाशी खरेदीच केली, म्हणजे त्या क्षणी तो माझ्या मित्रासारख्यांच्या समोरच उभा होता. सकाळी मात्र तो पुढे पळाला होता. हा हिशेब मी त्या रात्री पुष्कळ वेळा मांडला. जमा-खर्च जुळतो, तरी बेरीज मनाला पटत नाही. त्याला त्या दुपारी पडद्यावर दिसलेला ‘कोणतरी’ संध्याकाळी आमच्या ओसरीवर चहा पीत होता, यापलीकडे मला त्यात काही दाखवता येत नाही.

चेहरा दिसला तरच कर्तव्य सुरू होते, असे म्हणणे सोपे आहे. मग न दिसणाऱ्या माणसाचे आपण काही लागत नाही काय? उलट बाजूही आहे. बहुतेक वेळा समोर टपाल खात्यातला पेन्शनर नसतो. समोर मोठ्या कंपनीचे यंत्र असते. त्याला ना घाई, ना नात. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेला अभ्यास मी भाच्यापुढे ठेवला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के नुकसानीत गेल्या, सगळ्यांचे मिळून नुकसान १ लाख ८० हजार कोटींच्या वर. नफा झाला तो मुख्यतः परदेशी संस्था आणि स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या मोठ्या पेढ्यांना, आणि त्यांचा जवळजवळ सगळा नफा संगणकाच्या आपोआप चालणाऱ्या सौद्यांतून. त्यांची यंत्रे एक्स्चेंजच्याच आवारात बसतात आणि प्रत्येक सौदा घडताक्षणी पाहतात. भाच्याच्या माडीवर जे येते ते गाळून, थांबून थांबून आलेले. त्याची डावी-उजवी वजाबाकी अदमासाचीच. तो समजतो, मी वाचतो आहे. खरे म्हणजे नुकसान थांबवायची त्याची ऑर्डरही कोणत्या तरी गोल आकड्याखाली लावलेली असते, आणि ती कोणीतरी वाचत असतो. तीन वर्षांचा त्याचा हिशेब मी मागितला. चार जूनचे साठ हजार धरूनही तो जेमतेम बरोबरीत आहे. हे त्याने लपवले नाही, याचे मला बरे वाटले.

महाभारताच्या शांतिपर्वात वाराणसीचा तुलाधार येतो. जाजलीने एवढे तप केले की पाखरांनी त्याच्या जटांत घरटे बांधले आणि पिल्ले उडून जाईपर्यंत तो हलला नाही. त्याला गर्व झाला, तेव्हा आकाशवाणीने सांगितले, तू त्या वाण्याच्या बरोबरीचा नाहीस. तुलाधार हा तराजू धरून बसलेला वाणी; माझी तागडी सर्वांना सारखी, हे त्याचे तप. ही कथा आपण नेहमी मापात पाप नको एवढ्यापुरती सांगतो. पण मूळ कथेत एक जागा अशी आहे की मला ती हल्ली फार खटकते. जाजली दुकानात येतो, आणि त्याने तोंड उघडण्याआधीच तुलाधार त्याला त्याची सगळी हकिगत सांगतो: पाखरे, गर्व, आकाशवाणी, सगळे. म्हणजे गिऱ्हाइकाच्या मनातले त्यालाही वाचता येत होते. पण त्याने ते तागडीत टाकले नाही. समोरच्याचे सगळे दिसत असून भाव तोच ठेवणे, हे काय असेल? आणि असा माणूस आज बाजारात बसला तर त्याचे दुकान किती दिवस चालेल? भाच्याने विचारले तेव्हा मी उत्तर देऊ शकलो नाही. वडिलांचे दुकानही पुढे फार वर्षे चालले नाही, हे त्याला ठाऊक आहे. त्याने तो उल्लेख केला नाही, पण त्याच्या मनात आलाच असणार.

तीस हजारांचे पाकीट त्याने जूनमध्येच आणून दिले. मी ते मित्राला द्यायचा विचार केला. पण काय म्हणून देणार? त्याला ते दान वाटले असते, आणि खरे कारण सांगितले असते तर माझा भाचा त्याच्या नजरेतून उतरला असता. परत भाच्याला दिले तर त्याच्या धंद्यावर मी निकाल दिल्यासारखे होते, आणि तो निकाल माझ्यापाशी नाही. दोन लाख मात्र मी काढून घेतले. त्याने कारण विचारले नाही. आता स्वतःच्या पैशांवर करतो. अडकलेल्यांच्या आधी विकायचा सौदा त्याने सोडला आहे असे मामीला म्हणाला, मला नाही. खरे-खोटे मी विचारलेले नाही.

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाला वह्या काढल्या तेव्हा वडिलांचा १९६९ चा रोजमेळ हाती लागला. बारा पोती रताळी, खरेदीदाराचे नाव, भाव, हमाली, तोलाई, आणि आडतीचा रकाना कोरा. पाकीट मी त्याच पानात ठेवले आहे. यंदा पूजेला वही पुन्हा निघेल.